घरामागच्या डोंगराला भेग पडलीय, राहायचं की निघायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. संगमेश्वर तालुक्यात वाडीच्या एकदम वरच्या टोकाला घर, २०१६ ला मागचा उतार जेसीबीने २० फूट उभा कापून जागा सपाट केली, आणि स्वयंपाकघराची मागची भिंत त्या कापापासून ८ फुटांवर. यंदा मे महिन्यात काजू गोळा करायला वर गेलात तेव्हा कापाच्या वर पन्नासेक फुटांवर जमिनीत दोन बोटं रुंद भेग दिसली, दोन्ही टोकं खालच्या बाजूला वळलेली. काका म्हणतात कोयनेच्या भूकंपाने पडली. मुंबईचा भाऊ म्हणतो जांभा आहे, जांभा कधी पडत नाही, अजून दहा फूट कापून गाडी लावायला जागा करूया. ग्रामपंचायत म्हणतेय वर चर मारून पाणी जिरवूया. तलाठ्याने दरवर्षीसारखी नोटीस दिलीय. आणि पाऊस सुरू होऊन दोन आठवडे झालेत.

आधी उत्तर देतो, कारण खालचं सगळं वाचायला वेळ मिळेल न मिळेल. पाऊस धरून बसला की रात्री त्या घरात झोपायचं नाही, विशेषतः मागच्या खोल्यांत तर नाहीच. हे आजच ठरवा, पावसात ठरवू नका. भावाला सांगा एक बकेटसुद्धा माती काढायची नाही. आणि त्या भेगेच्या वर चर तर कोणालाच मारू देऊ नका. घर कायमचं सोडायचं का, ते जागेवर बघितल्याशिवाय मी काय कोणीच सांगू शकत नाही, फोटोवरून सांगणारा भेटला तर त्याचं ऐकू नका.

मी गेली २६ वर्षं कोकणातल्या घाटरस्त्यांच्या आणि कटिंगच्या कामावर भूशास्त्रज्ञ म्हणून फिरतोय, आणि या एवढ्या वर्षांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बघितलीय, डोंगर पडला म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा डोंगर नसतो पडलेला, पाण्याला बाहेर पडायला वाट उरलेली नसते. म्हणून मी कुठेही गेलो की भेग नंतर बघतो, आधी विचारतो, इथलं पाणी पूर्वी कुठून जायचं आणि आता कुठून जातं.

भावाच्या जांभ्यापासून सुरू करतो कारण त्याचं म्हणणं निम्मं खरं आहे आणि निम्मं खरं असलेलंच माणसाला खड्ड्यात घालतं. जांभा उभा राहतो. चिरेखाणी बघा, पंधरा-वीस फुटांच्या सरळ भिंती वर्षानुवर्षं तशाच असतात. पण जांभा म्हणजे वरचं झाकण. आपल्या खालचा मूळ खडक काळा बेसॉल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, आणि कोकणातल्या ऊन-पावसात तो वरून खाली कुजत जातो. सगळ्यात वर घट्ट जांभा, त्याच्या खाली पांढुरकी, पिवळट, कुठे गुलाबी-जांभळी छटा असलेली चिकणमाती जिला आम्ही लिथोमार्ज म्हणतो, मग अर्धवट कुजलेला मुरूम आणि गोटे, आणि मग कातळ. विहीर खणणाऱ्या माणसाला विचारा, तो हे सगळं माझ्यापेक्षा बरं सांगेल, कारण त्या मऊ मातीच्या थराला विहिरीची बाजू ढासळते हे त्याने अंगावर घेतलेलं असतं.

आता पाणी काय करतं बघा. जांभ्याला भोकंच भोकं, सड्यावर पडलेलं पाणी गाळणीतून जावं तसं खाली उतरतं. चिकणमातीला आलं की थबकतं, कारण ती पाणी पटकन सोडत नाही. मग ते त्या थराच्या डोक्यावरून आडवं चालत येतं आणि उतारावर जिथे थर उघडा पडतो तिथे बाहेर येतं. तेच आपले झरे, त्याच पावसाळ्यात फुटणाऱ्या उपळी. आता तुमच्या वाडीतली जुनी घरं आठवा, झऱ्याच्या आजूबाजूलाच आहेत ना? असणारच, पूर्वजांनी पाणी बघूनच वस्ती केली. म्हणजे ज्या कारणाने वाडी तिथे बसली त्याच कारणाने दरडही त्याच रेषेत येते. यात कोणाची चूक नाही, फक्त जुन्या लोकांनी उताराला हात लावला नव्हता. चौथरा भरून घर बांधायचे, पाठीमागे नुसते दगड रचून गडगा, गडग्यातून पाणी आरपार. डोंगर कापून सपाट जागा करायची पद्धत आली ती जेसीबी तासावर मिळायला लागल्यावर.

तुमचा २० फुटांचा काप वरचे सात-आठ फूट जांभ्यात असेल आणि खालचा चिकणमातीत, तुम्ही पाठवलेल्या फोटोत खालच्या भागाचा रंग बदललेला दिसतोय त्यावरून म्हणतोय. उन्हाळ्यात ही माती उन्हाने तडकते, पावसाळ्यात त्या तड्यांत पाणी शिरतं, खालून भुसभुशीत होऊन पोखरते आणि वरचा जांभा लटकत राहतो. दहा वर्षं उभा राहिला म्हणून अकराव्या वर्षी राहील असं नाही. उलट दर पावसाळ्यात तो थोडा थोडा कमजोर होत आलाय, आणि भेग म्हणजे त्याची पावती.

पाण्याने माती घसरते ती "चिखल होऊन निसरडी होते म्हणून" असं सगळ्यांना वाटतं. तसं नाही पूर्ण. ओल्या मातीचा एक घनमीटर घ्या, वजन १८००-१९०० किलो. उतारावर ती टिकते ती स्वतःच्या वजनाने खालच्या थरावर दाबून बसते म्हणून, पेटी जमिनीवर घासते तसं. पण मातीतली सगळी पोकळी पाण्याने भरली की पाणी तिला आतून उचलून धरतं, घनमीटरला १००० किलो एवढं. दाबून बसायला उरलं ८००-९००, म्हणजे पकड निम्म्याहून कमी, आणि खाली ओढणारं वजन मात्र तेवढंच, उलट भिजल्याने वाढलेलं. जी माती कोरडी असताना ३० अंशांच्या उतारावर उभी राहते ती पूर्ण भरल्यावर १५-१६ अंशांवरच टिकते. आता तुमच्याकडे काप आहे ९० अंशांचा. तो आतापर्यंत उभा आहे तो फक्त मातीच्या चिकटपणावर, आणि त्या चिकटपणावर मी रात्र काढणार नाही.

म्हणूनच तारखा बघा. जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन, महाड तालुक्यातल्या या गावांवर दरडी आल्या त्या २००५ च्या २५-२६ जुलैला, दीडशेहून जास्त माणसं गेली. माळीण घाटावर, पुणे जिल्ह्यात, ३० जुलै २०१४, १५१ माणसं. तळिये २२ जुलै २०२१, ऐंशीच्या वर, आणि त्याच पावसात खेडमधलं पोसरे. इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री, २७ मृतदेह सापडले आणि ५७ माणसं मिळालीच नाहीत, शोध थांबवावा लागला. सगळ्या तारखा जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यातल्या. जूनमध्येही पाऊस मोठाच पडतो, पण जूनचा पाऊस कोरडी जमीन पिऊन घेते. जुलैच्या मध्यापर्यंत जमीन तुडुंब असते आणि मग जो मोठा पाऊस येतो त्याला आत जागाच नसते. २०२१ ला त्या २४ तासांत महाबळेश्वरला ५९४ मिमी पडला होता, आणि त्याच्या पायथ्याशीच पोलादपूर आणि महाड. तेव्हा "जूनमध्ये एवढा पडला, काही झालं नाही" हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. जूनने फक्त भरून ठेवलंय.

काकांचा कोयनेचा मुद्दा. हसू नका त्यांना, त्या पिढीने ११ डिसेंबर १९६७ चा धक्का अनुभवलेला असतो किंवा घरात ऐकलेला असतो, ६.३ चा होता, धरणात पाणी साठायला लागल्यावर काही वर्षांतच आला आणि जगभरात धरणामुळे येणाऱ्या भूकंपाचं उदाहरण म्हणून अजून शिकवतात. तिथे आजही बारीक धक्के चालू असतात, आणि भूकंपाच्या धोक्याच्या २००२ च्या नकाशात (झोनचा आकडा मोठा तेवढा धोका जास्त) रत्नागिरी आणि कोयना दोन्ही झोन ४ मध्ये आहेत, उरलेलं बरंचसं कोकण झोन ३ मध्ये. पण तीन-साडेतीनचा धक्का संगमेश्वरात येईपर्यंत भांडी वाजवण्याएवढा राहतो, त्याने एकाच घराच्या मागे, एकाच कापाच्या वर, कमानीसारखी भेग पडत नाही. भूकंपाने पडली असती तर वाडीभर पडली असती, चार घरांच्या भिंतींवर दिसली असती. टोकं खाली वळलेली भेग म्हणजे खालचा तुकडा सुटायला लागलाय, त्या आकाराला दुसरा अर्थ मला माहीत नाही. मोठा भूकंप भर पावसाळ्यात आला तर ती गोष्ट वेगळी, तेव्हा सगळेच उतार एकदम परीक्षेला बसतील. पण त्यासाठी करायचं काम वेगळं आहे, चिऱ्याच्या भिंतींना खिडकीच्या डोक्यावर चारी बाजूंनी सलग काँक्रीटचा पट्टा घाला, नवीन बांधणाऱ्या प्रत्येकाने घालावा, खर्च घराच्या मानाने किरकोळ आहे. (काका सुनामीचंही विचारतील. १९४५ च्या नोव्हेंबरला मकरानच्या भूकंपाची लाट मुंबईपर्यंत आली होती, कल्पना नाही ही, पण तुम्ही समुद्रापासून एवढे आत आणि वर आहात की ती काळजी किनाऱ्यावरच्या भंडारी-दालदी वाड्यांना करू दे.)

आता ग्रामपंचायतीच्या चरांवर मी जरा जास्त बोलणार कारण इथे माणसं चांगल्या मनाने चूक करतात. पाणी अडवा पाणी जिरवा ही गोष्ट मला मान्य आहे, मीही सड्यावर, वरकस जमिनीवर, वाडीपासून लांब अशी कामं केलीत. पण घरावरच्या उभ्या उतारावर, आणि तेही भेग पडलेल्या, चर म्हणजे काय? पाणी थांबवून मुद्दाम आत घालणं. आपल्याला हवंय नेमकं उलटं, ते पाणी जमिनीत शिरायच्या आधी पृष्ठभागावरूनच पकडून बाजूच्या पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, न्यायचं. हिशोब करून बघा. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर, २०० मिमी पाऊस झाला की एका गुंठ्यावर २० हजार लिटर. तुमच्या घरावर एक एकर उतार उतरतोय असं धरलं तर ८ लाख लिटर, म्हणजे दहा हजारी ऐंशी टँकर एका दिवसात. त्यातले किती तुम्हाला घरामागच्या मातीत जिरवायचेत ते ग्रामसभेत विचारा, मला वाटतं विषय तिथेच संपेल.

याच नियमाने बाकीच्या गोष्टी तपासा. वरच्या घरांचे संडासाचे शोषखड्डे उताराच्या कडेला आहेत का. काजूला पाणी द्यायला ड्रिप लावलीय त्याचा पाइप फुटलाय का. पाणीपुरवठ्याची टाकी वर आहे का आणि ती गळते का, टाकी गळून वर्षभर मुरत राहिलेलं पाणी मी दोन ठिकाणी दरडीच्या मुळाशी बघितलंय आणि दोन्हीकडे आधी सगळे पावसाला शिव्या देत होते. नवीन रस्ता झालाय का वरून, त्याची मोरी, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायची वाट, कुठे सोडलीय. आपल्याकडे रस्ता करताना पाच पऱ्यांचं पाणी गटाराने गोळा करून एकाच मोरीतून सोडून देतात, मग ती मोरी ज्याच्या परड्यात सुटते त्याचं नशीब.

झाडं तोडली म्हणून झालं असं अर्धी वाडी म्हणत असेल. झाडांचा भाग आहे, पण लोक समजतात तसा नाही. मुळं वरचा मीटर-दीड मीटर धरून ठेवतात, फार तर दोन. वरवरची माती वाहून जाणं, छोटी घसरण, यासाठी मुळं सोन्यासारखी. पण घसरायची पातळी पंधरा-वीस फूट खाली चिकणमातीत असेल तर झाडं दरडीबरोबर उभीच्या उभी खाली येतात, तळियेचे आणि इर्शाळवाडीचे फोटो नीट बघा, हिरवा डोंगरच खाली आलाय. दुसरं म्हणजे तोडलेल्या झाडाची मुळं लगेच मरत नाहीत, कुजायला तीन-पाच वर्षं जातात, म्हणून आज तोडलं आणि काही झालं नाही याला अर्थ नसतो. काजू किंवा रबर लावायला जंगल साफ करून जेसीबीने टप्पे पाडतात तिथे मला पाचव्या-सहाव्या पावसाळ्याची धास्ती असते, पहिल्याची नाही. कापाच्या तोंडावर वाळा लावा जरूर, स्वस्त आणि मस्त, पण वाळ्याने २० फुटांची भिंत थांबेल असं समजू नका.

मग भिंत बांधूया का, हा पुढचा प्रश्न असणार. बांधा, पण पावसाळ्यानंतर आणि डिझाइन करून. माझ्याच घरची गोष्ट सांगतो. गावी आमच्या परड्यात मी स्वतः उभं राहून रिटेनिंग वॉल बांधून घेतली, दर पाच फुटांवर ३ इंची पाइपची भोकं बाहेर उतार देऊन, मागे खडीचा थर, खडीमागे जिओटेक्स्टाइलचं कापड, म्हणजे माती येऊन भोकं बुजू नयेत. एकदम पुस्तकातली भिंत. दुसऱ्या वर्षी गणपतीला आलेल्या चुलतभावाने बघितलं की भोकांतून लाल पाणी गळतं, डाग पडतात, मुंग्या येतात, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही. गवंड्याला बोलावून सगळी भोकं सिमेंटने बंद करून वर मस्त पिवळा रंग मारून घेतला. मला कोणी सांगितलं नाही. पुढच्या जुलैत भिंतीला पोट सुटलं आणि एका पहाटे ती बाथरूमवर बसली, बाथरूममध्ये सुदैवाने बादलीच होती फक्त. तेव्हापासून घरात माझी किंमत थोडी वाढली हे खरं, पण मुद्दा हा की भोकाशिवाय भिंत म्हणजे धरण, आणि धरणाची भिंत म्हणून ती कोणी बांधलेली नसते. चिऱ्याची सिमेंटने सांधलेली भिंत असेल तर जास्तच वाईट. त्यापेक्षा जाळीत दगड भरलेली गॅबियन भिंत बरी, पाणी जाऊ देते, थोडी वाकली तरी सांगून वाकते. आणि भिंतीच्या आधी काप तिरका करायला हवा, चिकणमातीत जेवढी उंची तेवढी तरी पाठीमागे झुकलेली, मध्ये टप्पा सोडून. तुमच्याकडे त्याला जागा आहे का हे मोजावं लागेल. नवीन घर बांधणाऱ्यांना मी एकच सांगतो, कापाची जेवढी उंची त्याच्या दीडपट लांब घराची भिंत ठेवा, जागा नसेल तर काप कमी करा. २० फुटांच्या कापाला ८ फूट म्हणजे काहीच नाही.

कोकण रेल्वेशी तुलना करून बघा. २००३ च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ, रुळावर आलेल्या दरडीवर गाडी आदळून पन्नासच्या आसपास माणसं गेली, पुढच्याच वर्षी करंजाडीला पुन्हा. त्यानंतर कटिंगचे उतार कमी केले, जाळ्या मारल्या, पावसाळ्याचं वेगळं टाइमटेबल घेऊन गाड्या हळू चालवायला लागले, रात्रभर गस्तवाले हातात बत्ती घेऊन कटिंग बघत फिरतात. एवढं करूनही २०२४ च्या जुलैत दिवाणखवटीला माती रुळावर आलीच. तुमच्या घरामागच्या कटिंगची गस्त कोण घालतंय? कोणी नाही, म्हणून ती तुम्हीच घालायची आहे, ती कशी ते सांगतो.

भेगेच्या दोन्ही बाजूंना लोखंडी सळ्या दोन-दोन फूट ठोका, अशा तीन जोड्या, मधे एक आणि टोकांकडे एक-एक. रोज सकाळ-संध्याकाळ दोन सळ्यांमधलं अंतर टेपने मोजून वहीत तारीख-वेळेसकट लिहा, आणि खालची बाजू वरच्यापेक्षा खाली बसलीय का, म्हणजे पायरी पडतेय का, तेही. आठवडाभर जैसे थे असेल तर ठीक, रोज एक-दोन मिलिमीटर वाढत असेल आणि कालच्यापेक्षा आज जास्त वाढत असेल तर मोजणं बंद करा आणि निघा. भेगेत सिमेंट ओतू नका, तडकेल आणि उगाच वजन. चिकणमाती कुटून भरा, वरून ताडपत्री टाका, ताडपत्रीचं पाणी भेगेच्या बाहेर पडेल असा उतार द्या. भेगेच्या वर चांगल्या वीस-पंचवीस फुटांवर एक उथळ नाली काढून तिच्यात प्लास्टिक अंथरा आणि पाणी बाजूच्या पऱ्यात सोडा. हा चर नाही हं, चर पाणी धरतो, ही नाली पाणी पळवते, तळाला प्लास्टिक नसेल तर दोघांत फरक राहत नाही. पऱ्यात सोडताना खालच्या शेजाऱ्याला विचारून, नाहीतर दरड बाजूला राहील आणि कोर्ट सुरू होईल.

पाऊस स्वतः मोजा. सरळ उभ्या बाजूचा कुठलाही डबा, उघड्यावर, पन्हळीपासून लांब, सकाळी साडेआठला पट्टी बुडवून मिलिमीटर लिहायचे, डबा रिकामा करायचा. तालुक्याचा आकडा तुमच्या डोंगराचा नसतो, घाटाकडच्या वाडीला दीडपट-दुप्पट पडलेला मी बघितलाय. २४ तासांत २०४.५ मिमीच्या वर म्हणजे हवामान खात्याचा सगळ्यात वरचा वर्ग, पण तुमच्या बाबतीत मी तेवढी वाट बघणार नाही. चार-पाच दिवस लागून पडतोय आणि वर एका दिवसात शंभर-सव्वाशे झाला की संध्याकाळी उजेड असताना निघा, रात्री अकराला टॉर्च घेऊन नाही.

आणि आकडे काहीही असोत, काही गोष्टी दिसल्या तर जेवण ताटात टाकून उठायचं. झऱ्याचं किंवा विहिरीचं स्वच्छ पाणी अचानक चहासारखं लाल. पाऊस धो धो आणि पऱ्याचं पाणी मात्र एकदम कमी, म्हणजे वर कुठेतरी माती पडून अडलंय आणि ते सुटणार. नवीन ठिकाणी उपळ फुटणं. दार-खिडकी कालपर्यंत लागत होती ती आज अडकणं. लाइटचा खांब, माड वाकडे होणं. कापाच्या तोंडावरून खडे-माती टपटप पडत राहणं. निघताना खाली पऱ्याच्या कडेने पळू नका, दरडीचा चिखल पऱ्याचीच वाट धरतो आणि माणसापेक्षा जोरात येतो. आडवं जा, डोंगराच्या सोंडेवर, पऱ्यापासून वर. वाट आजच कोरड्यात चालून बघा, आजीला आणि लहान मुलांना घेऊन चालून बघा. कुठे जायचं, कोणाकडे, गुरं कोण सोडणार, हे वाडीत बसून ठरवा. गोठ्यातली गुरं सोडायला परत गेलेला माणूस हा प्रत्येक दरडीच्या गोष्टीत असतो, म्हणून गुरं जुलैपुरती आधीच दुसरीकडे बांधलेली बरी. जिल्हा आपत्ती कक्षाचा नंबर १०७७, फोनमध्ये सेव्ह करा.

राहिली तलाठ्याची नोटीस. तिच्यावर चिडून उपयोग नाही, त्यालाही वरून यादी येते. पण यादीत नाव असणं-नसणं यावर जाऊ नका. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशभर दरडप्रवण भागाचे नकाशे केलेत ते १:५०,००० चे, म्हणजे तुमची शंभर मीटरची वाडी नकाशावर २ मिलिमीटर. त्यात तुमचा २०१६ चा काप दिसणारच नाही. इर्शाळवाडी दरडप्रवण यादीत नव्हती, हे दुर्घटनेनंतर सरकारनेच सांगितलं. पश्चिम घाट जपायचा कसा यावर गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन यांचा २०१३ चा, मसुद्यावर मसुदे निघतायत, ते सगळं महत्त्वाचं आहे आणि मी त्या बाजूचाच आहे, पण वाडीतला जेसीबी त्यातल्या कुठल्या कागदाने थांबलेला मी बघितला नाही. तुम्ही असं करा, ग्रामपंचायतीचा ठराव घ्या, भेगेचे फोटो आणि वहीतली मोजमापं जोडा, तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज द्या की भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडून जागेची पाहणी व्हावी. वही जोडलेला अर्ज आणि नुसता "आम्हाला भीती वाटते" असा अर्ज, यात टेबलावर खूप फरक पडतो, हा अनुभव आहे. घेतल्याची पोच घ्या.

मला माहीत आहे "निघा" म्हणणं सोपं आहे. दोन महिने शाळेच्या खोलीत चार कुटुंबं, एक संडास, लावणी अर्धवट, आणि घरात चोरी होईल ही भीती. पुनर्वसनाची घरं मिळतात तीही मी बघितलीत, गोठा नाही, खळं नाही, परडं नाही, भात कुठे झोडायचं आणि गवत कुठे रचायचं. माणूस परत डोंगराखाली जातो तो मूर्ख म्हणून नाही, त्याचं पोट तिथे आहे म्हणून. आणि ज्यांच्याकडे मुंबईचा पैसा आला त्यांनी वरती कापून बंगला बांधला, त्याचं पाणी खालच्या कौलारू घरावर उतरतं, ही गोष्ट वाडीत कोणी मोठ्याने बोलत नाही कारण सगळे भाऊबंद. तुमच्या काकांचं घर तुमच्या खाली आहे असं तुम्ही लिहिलंय. तुमचा तुकडा सुटला तर तो तुमच्या स्वयंपाकघरात थांबणार नाही, म्हणून झोपायचं ठरवताना काकांनाही धरा, ते ऐकणार नाहीत, तरी धरा. भूकंपाचं कारण त्यांना पटत असेल तर त्या कारणाने बाहेर झोपू देत, वाद नंतर घाला.

दसऱ्यानंतर जमीन उघडली की मला काप खालपासून वरपर्यंत एका फ्रेममध्ये दिसेल असा फोटो, बाजूला माणूस उभा करून, आणि वहीची पानं पाठवा, मग काप तिरका करायचा की घरच पुढे सरकवायचं ते बघू. गाडी तोपर्यंत पाणंदीच्या तोंडाशी लावा.